फ्लेक्सवर नसलेली आत्या: घणसोलीतल्या एका घराच्या वहीची चौदा वर्षं

२०१५च्या गणपतीत आमच्या घणसोली गावातल्या घरी मखराशेजारी एक फ्लेक्स लागला होता, सहा फूट बाय चार. वर पणजोबांचं नाव, त्याखाली चार मुलगे, त्यांच्याखाली नातू, पणतू अशी सगळी मिळून बावन्न नावं. मोठ्या काकांनी चार वर्षं खपून जमवलेला तो वंशवृक्ष होता. येणारा प्रत्येक जण देवाला हात जोडून झाले की त्याच्यासमोर थांबायचा, आपलं नाव शोधायचा, मोबाइलवर फोटो काढायचा.

पाचव्या दिवशी दिवा गावात दिलेली मोठी आत्या दर्शनाला आली. ती दुसरीपर्यंत शिकलेली. चष्मा लावला आणि एकेका नावावरून बोट फिरवत खालपर्यंत आली. मग पुन्हा वर गेली. मी चहा घेऊन उभी होते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "यान माजं नाव कंय हाय गो बाय? मी या घरान जल्मली नाय काय?"

मी म्हटलं, "आत्या, अजून काम बाकी आहे." ते खोटं होतं. काम बाकी नव्हतं. तिचं नाव घ्यायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. माझंही नाव त्या फ्लेक्सवर नव्हतं आणि चार वर्षं काकांच्या हाताखाली कागद लावत असूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं आमच्या घराच्या इतिहासाचं काम पूर्ण बंद पडलं. ते का बंद पडलं आणि पुन्हा कसं उभं राहिलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. अनेक घरांत हे काम उत्साहाने सुरू होतं आणि तीन-चार वर्षांत थांबतं. मग कारण सांगितलं जातं, वेळ मिळत नाही. आमच्याकडेही हेच म्हणत होते.

वहीचं मूळ कुठे होतं

आम्ही आगरी. पिढ्यानपिढ्या खाडीकाठची खारजमीन, भाताचं एक पीक आणि मिठागरातली मजुरी. १९७०मध्ये नवी मुंबई उभारणारी सिडको स्थापन झाली आणि त्या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. त्यात आमचीही गेली. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. भूखंड मिळवायचा तर मूळ खातेदाराचे वारस कोण, ते कागदावर दाखवायला हवं. म्हणून नव्वदच्या दशकात आमच्या घरात पहिली वंशावळ लिहिली गेली, ती प्रतिज्ञापत्राच्या कागदावर.

मोठे काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कंपनीतून २०११ साली निवृत्त झाले. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर तीच वंशावळ उतरवून काढली. सगळा घोळ इथे झाला, पण हे कळायला आम्हाला सहा वर्षं लागली. वारसाचा कागद एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, जमिनीत नाव कोणाचं. त्या कागदावर आजोबांचे दोन मुलगे होते. तीन मुली नव्हत्या. घराच्या वहीने तो कागद पाया म्हणून घेतला आणि त्याची नजरही घेतली.

बाकी काकांचं काम चोख होतं. सात-बारा वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकले. जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं आहे, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. चौघं भाऊ कसत असताना नाव मात्र थोरल्याचं एकट्याचं, त्यामुळे नुसता सात-बारा बघणाऱ्याला बाकीचे तिघं भाऊ दिसतच नाहीत. ते दिसतात फेरफारात, म्हणजे जमिनीवरचे हक्क बदलल्याच्या नोंदीत. एका फेरफारात आम्ही कुळाचे मालक झाल्याची नोंद आहे, १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाच्या आधाराची. काकांनी ती नोंद लाल शाईने वहीत उतरवली होती, कारण त्यांच्या आजोबांनी खोताला दिलेल्या खंडाच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या.

त्याच उताऱ्यांवर आत्याही होती. फक्त ती 'इतर हक्क' या रकान्यात होती आणि पुढच्या एका उताऱ्यात तिच्या नावाला कंस पडला होता. कंस म्हणजे नाव कमी झालं. काकांनी ते पान वहीत उतरवलं नव्हतं.

दोन वर्षं माळ्यावर

फ्लेक्सचा फोटो आत्याच्या मुलानेही काढला होता. त्याच वर्षी आमच्या भूखंडाबद्दल एका बिल्डरशी बोलणी चालू होती आणि तिन्ही आत्यांकडून हक्कसोड पत्र हवं होतं. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, तो घाबरला. "हा फोटो उद्या कोर्टात गेला तर? आपणच वंशावळ छापून दिली." दुसरा म्हणाला, आत्यांची नावं नाहीत ना, मग आपल्याच बाजूने आहे. तिसरा म्हणाला, नावं घातली तर त्यांचा हक्क होईल. घरात कुजबुज वाढली. विसर्जन झालं, फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर गेला. चार दिवसांनी वहीची पिशवीही वर गेली.

काका नंतर कोणालाच काही विचारायला जाईनात. मी विचारलं तर म्हणायचे, डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. ऑपरेशन झालं. मग म्हणाले, पावसाळा जाऊ दे.

मीही मानून चालले होते की माणूस थकला. आज वाटतं, ही आमची सगळ्यात मोठी चूक. काका थकले नव्हते. वही उघडली की भावंडांत कोणती गोष्ट वर येईल, ते त्यांना ठाऊक होतं आणि तो प्रश्न अंगावर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. वेळेची अडचण असती तर मी ऐरोलीहून दर रविवारी गेले असते. भीतीची अडचण रविवारने सुटत नाही.

दादाच्या भीतीला आधारच नव्हता असंही नाही. आमच्या ओळखीच्या एका वकील बाईंकडे मी पुढे गेले तेव्हा त्यांनी नीट समजावलं. वाद सुरू होण्याआधी लिहिलेली घरची वंशावळ, लिहिणारा हयात नसेल तर, नातं दाखवणारा पुरावा म्हणून विचारात घेता येते. १८७२च्या पुरावा कायद्याच्या ३२व्या कलमात हे होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम राहिलं. म्हणजे वही ही साधी आठवणींची वही नाही, तिला वजन आहे.

पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्याने माझ्या मनातली गाठ सुटली. मुलीचा हक्क वहीत नाव लिहिल्याने निर्माण होत नाही आणि गाळल्याने जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ची दुरुस्ती झाली आणि मुलगी जन्मानेच मुलाबरोबरीची सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत वाटेकरी ठरली. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नको, यावर वाद होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात मिटवला: हयात असण्याची गरज नाही. हक्क जन्माने येतो. मग आत्याचं नाव गाळून आम्ही काय वाचवत होतो? जमीन तर नाहीच. त्या गाळण्याने एकच झालं, ती तिच्या बापाच्या घरात पाहुणी झाली.

भूखंडाची बोलणी २०१८मध्ये वेगळ्या बैठकीत, वेगळ्या कागदावर मिटली. दोन आत्यांनी नोंदणीकृत हक्कसोड दिलं, मोठ्या आत्याने वाटा मागितला आणि तिला तो मिळाला. तिने मागितला ते बरोबर केलं असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी दादालाही सांगितलं आहे. पण ते प्रकरण इथेच थांबवते, कारण वही त्याआधी वर्षभर सुरू झाली होती.

भटजींची यादी

२०१७च्या पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ होता. सगळी घरं एकत्र, अंगणात चूल, खीर, भाजी, वडे. भटजी संकल्प सांगत होते आणि काका नावं सांगत होते: वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. पणजीच्या नावाशी काका अडखळले. आतून आत्याने नाव सांगितलं.

मग भटजी म्हणाले, आता आईच्या माहेरचे. मग काका-काकू. मग आत्या आणि तिचे यजमान. मावशी. बहीण. सासरे. गुरू. मित्र.

मी थांबले. इतकी वर्षं म्हाळ बघत आले होते, पण ही यादी कानावर पडूनही ऐकली नव्हती. महालयाच्या श्राद्धात जे गेले आहेत त्या सगळ्या गोतावळ्याला पाणी दिलं जातं. त्यात बापाची बहीण आहे, आईची बहीण आहे, स्वतःची बहीण आहे, त्यांची मुलंबाळं आहेत, सासरा आहे, शिष्य आणि स्नेहीसुद्धा आहेत. शास्त्राच्या यादीत आत्याला जागा होती. आमच्या फ्लेक्सवर नव्हती.

जेवणं झाल्यावर मी हे काकांना म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, ते कदाचित योग्य नव्हतं, पण एकटीने म्हटलं असतं तर ते पुन्हा पावसाळ्यावर गेलं असतं. काका बराच वेळ पत्रावळीच्या कडा मोडत बसले. मग दादाला म्हणाले, "शिडी लाव."

पिशवी खाली आली तेव्हा वहीची खालची कड कसरीने खाल्लेली होती. खाडीची हवा आमच्याकडे कागदाला टिकू देत नाही. २६ जुलै २००५च्या पावसात तर घरात कंबरभर पाणी शिरून लग्नाच्या फोटोंची अख्खी पेटी भिजली होती. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो एकमेकांना धरून बसले ते कायमचेच. तेव्हा एका भाचीने उरलेले कागद वाचवायचे म्हणून दोन खरेदीखतं लॅमिनेट करून आणली. तिने मायेने केलं, पण तापवलेलं प्लॅस्टिक जुन्या कागदाला एकदा चिकटलं की ते काढता येत नाही. आता आम्ही कागद सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात जमिनीपासून वर ठेवतो आणि फोटोच्या मागे नावं मऊ पेन्सिलने लिहितो, बॉलपेनने नाही.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी ठरल्या. वारसाचे सगळे कागद वेगळ्या फायलीत जातील, ती फाइल दादाकडे. आणि घराची वही नव्याने, पहिल्या पानापासून सुरू होईल. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आत्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. तिला चार अक्षरांना पाच मिनिटं लागली. बाकी कोणी बोललं नाही.

वर्षाला एकच प्रश्न

काकांची पद्धत होती की एक माणूस सगळ्यांकडे जाणार आणि सगळं विचारणार. त्यात तो माणूस दमतो आणि ज्याला विचारतात तो कंटाळतो. आम्ही उलट केलं. म्हाळाला सगळे येतातच. त्या दिवशी वहीसाठी एकच प्रश्न ठेवायचा आणि प्रत्येकाने त्याचं उत्तर द्यायचं, मग ती काल लग्न होऊन आलेली सून का असेना. बस, वर्षाचं काम झालं.

२०१८चा प्रश्न होता: तुझं माहेर कुठलं आणि तिथून या घरात पहिल्यांदा कशी आलीस? पहिल्यांदाच वहीत सुना बोलल्या. दिवाळे, करावे, गव्हाण, काल्हेर. थोरल्या काकी वऱ्हाडाच्या होडीतून आल्या होत्या, भरतीची वेळ चुकली म्हणून चिखलात दोन तास थांबल्या आणि हळदीची साडी गुडघ्यापर्यंत काळी झाली. माझी आई पूल झाल्यानंतरची. वाशीचा पहिला पूल १९७३चा, म्हणून तिचं लग्न त्यानंतरचं हे नक्की. आमच्या पिढीतली एक वहिनी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने आली. तीन लग्नांत खाडी कशी ओलांडली, ते त्या एका प्रश्नात आपोआप आलं.

२०१९ला पहिला पगार. २०२०ला कोणी जमलं नाही, म्हणून उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात आली आणि त्याचा फायदाच झाला, कारण आत्या लिहिताना गप्प असते आणि बोलताना थांबत नाही. ते आवाज आम्ही तीन जागी ठेवले आहेत. आधीची एक हार्ड डिस्क अचानक बंद पडून दीडशे फोटो गेले, तेव्हापासून एका जागी काहीच ठेवत नाही.

आणखी एक नियम आपोआप पडला. वही एका घरात राहत नाही. म्हाळाला ज्या घरात येते, त्याच्या पुढच्या घरात जाते. आत्यांच्या घरीही. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहायच्या, सांगणाऱ्याच्या नावासकट. पणजोबा कशाने गेले याची आमच्याकडे तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही शाबूत आहेत.

नारळी पुनवेच्या तोंडावर

आत्याची जन्मतारीख आधार कार्डावर १ जून १९४५ आहे. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा जन्म १ जूनचाच, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकायचे. आजी मात्र नेहमी सांगायची: "मुंबईन गोदी उरली तवा ही पोटान होती, आन नारली पुनवेच्या तोंडावर झाली."

गोदी उरली म्हणजे उडाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला तो १४ एप्रिल १९४४ला. म्हणजे शाळेची तारीख जवळपास वर्षभर चुकलेली. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा पंचांगात ४ ऑगस्टला येते. आम्ही गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शोधायचं ठरवलं. तहसिलातल्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन नक्कल मिळते. दादाची मुलगी मोडी शिकली आहे, तिने बसून वाचलं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, त्यामुळे एका पानाला तिला दुपार लागली.

२ ऑगस्ट १९४४. बापाचं नाव, आमच्या आजोबांचं. गाव घणसोली. आणि पुढे एकच शब्द, 'मुलगी'.

नक्कल घेऊन आम्ही दिव्याला गेलो. आत्याने बोट त्या शब्दावर ठेवलं आणि विचारलं, "यो मी?" मग ती नक्कल दोन दिवस उशीखाली ठेवून झोपली, असं तिच्या सुनेने सांगितलं.

या वर्षीचं पान

२०२५मध्ये वही आत्याकडे होती, म्हणून प्रश्न तिने ठरवला. तिने विचारला तो प्रश्न चौदा वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नव्हता: नाव ठेवायच्या आधी जी गेली, ती किती?

पुरुष उठून अंगणात गेले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. काकी बोलल्या. माझी आई बोलली, आणि तिचं एक बाळ माझ्याआधी गेलं होतं हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आत्याने आजीचं सांगितलं. आजीला नऊ मुलं झाली, पाच जगली.

आजीच्या पानावर चार ओळी वाढल्या आहेत. एकीपुढे 'भातलावणीत' लिहिलं आहे, एकीपुढे 'मिठागर चालू होतं तेव्हा, मुलगा', एकीपुढे 'मोठीच्या पाठची', आणि चौथीपुढे काहीच नाही. आत्या म्हणते, कोतवाल बुकात असतील. दादाच्या मुलीने १९४५ ते १९६०ची पानं मागायचा अर्ज लिहून ठेवला आहे, दिवाळीनंतर ती तो घेऊन ठाण्याला जाईल.